कामगाराची सायकल आणि कारखान्याचे दार



वसंत व्याख्यानमालेत सायकलीवर बोलावयाचे म्हणजे काही श्रोत्यांना थोडे चमत्कारिक वाटेल. या व्यासपीठावर संतवाङ्मय येते, इतिहास येतो, आरोग्य आणि राजकारण येते. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली ही प्रथा सुरू केली, तेच रानडे देशातील शेती, कारखानदारी आणि आगगाडी या विषयांवर तितक्याच आस्थेने लिहीत व बोलत असत. लोकांच्या रोजच्या जगण्यातला प्रश्न लोकांपुढे मांडावा, हाच या प्रथेचा हेतू आहे असे आम्ही समजतो. आमचे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही. गावातले वाचनालय आणि युनियनची कचेरी या दोन ठिकाणी आम्ही शिकलो. त्या कचेरीत पगार, बोनस, बडतर्फी यांच्या तक्रारी रोज येतात, आणि त्या ऐकता ऐकता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

कामगार कामावर कसा येतो, पायी, सायकलने, मोटारसायकलने की ठेकेदाराच्या गाडीत कोंबून, हा त्याचा खाजगी प्रश्न आहे असे सर्वजण धरून चालतात. मालक तसे म्हणतो, सरकार तसे म्हणते आणि खुद्द कामगारही तसेच म्हणतो. आमचे म्हणणे असे की, या प्रश्नाचा मोठा भाग कामगाराच्या घरात ठरतच नाही. तो कारखान्याच्या दारावर ठरतो, आणि ठरवणारा मालक असतो.

प्रथम अंतराचा विचार करू. कामगार राहतो कोठे आणि कारखाना उभा राहतो कोठे, यांतले अंतर कामगाराने आखलेले नसते. या बाबतीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण फार बोलके आहे. हा पुढे मोठा कारखानदार झालेला गृहस्थ १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत होता. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि लोकांना त्यावर बसावयास शिकवणे हा त्यांचा पहिला धंदा. पुढे औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कारखाना आणि कामगारांची घरे एकाच वसाहतीत आली. ज्यांनी सायकली विकल्या, त्यांनीच आपल्या कामगाराला सायकलीची गरज पडू नये अशी रचना केली! वसाहतीत राहणारा कामगार मालकाच्या अधिक मुठीत असतो, ही त्याची दुसरी बाजूही आम्ही विसरत नाही. परंतु मालकाने मनात आणले तर कामाचे अंतर चार किलोमीटर होते किंवा चाळीस होते, एवढे त्यावरून स्पष्ट दिसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १८७० साली जलंब ते खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावी आले. तेरा-एक किलोमीटरचा तो फाटा कापसाच्या गाठींसाठी घातला होता. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने मग गावालगत उभे राहिले आणि मजूर आसपासच्या वस्त्यांतून पायी येत राहिला. नंतरच्या पिढीत औद्योगिक वसाहती आल्या, त्या गावाबाहेर. मलकापूरच्या कारखान्यांसाठी दसरखेडची जागा निघाली ती राष्ट्रीय महामार्गाच्या काठी. मालाच्या ट्रकला ती जागा सोयीची, यात वाद नाही. परंतु ज्या रस्त्याने ट्रक सुसाट जातो, त्याच रस्त्याच्या कडेने सकाळी सात वाजता डबा अडकवून सायकलवाल्याने जावयाचे आहे. जागा पसंत करताना मालाचा विचार झाला, जमिनीच्या भावाचा विचार झाला, पाण्याचा व विजेचा विचार झाला. माणूस तेथपर्यंत पोचणार कसा, हा प्रश्न कोणत्याही नकाशावर काढलेला आम्ही पाहिला नाही.

अंतराच्या खालोखाल वेळ येते. पाळी केव्हा सुरू होते व केव्हा सुटते, यावर सायकल चालेल की नाही हे ठरते. घाटाखाली मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो. दुपारी तीनला पाळी सुटली तर कोण शहाणा माणूस उघड्या महामार्गावर आठ किलोमीटर सायकल मारील? तीच पाळी पहाटे सहाला सुरू होऊन सूर्य माथ्यावर येण्यापूर्वी सुटली, तर तोच माणूस आनंदाने सायकलीने जाईल. दुसरी गोष्ट अचानक लावलेल्या डबल ड्यूटीची. संध्याकाळी सहाला घरी जाणार म्हणून माणूस सायकल घेऊन येतो. साडेपाचला सुपरवायझर सांगतो, आज थांबावे लागेल. रात्री अकराला, बारा-चौदा तास उभे राहिलेल्या पायांनी, बिनदिव्याच्या रस्त्याने तो पायडल मारीत निघतो. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी तो मोटारसायकलीच्या हप्त्याची चौकशी करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. या निर्णयावर पगाराच्या, विश्रांतीच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली. बारा तासांनंतर माणूस घरी कसा पोचेल, हा प्रश्न मात्र चर्चेत आम्हांला कोठे ऐकू आला नाही.

आता प्रत्यक्ष कारखान्याच्या दाराशी येऊ. घाटाखालच्या एका कारखान्यातली हकिगत सांगतो. नाव घेत नाही, कारण असे कारखाने एक-दोनच आहेत असा आपला समज होऊ नये. या कारखान्यात गेटाच्या आत साहेबांच्या मोटारींसाठी पत्र्याची शेड होती. मोटारसायकली फरसबंदीवर ओळीने लागत. सायकली मात्र गेटाबाहेर, कुंपणाच्या भिंतीला टेकून, बाभळीखाली. बाभळीची सावली ती केवढी, आणि काटे मात्र मुबलक! दिवसभराच्या उन्हाने ट्यूब फुटावी, काट्याने पंक्चर व्हावे, आणि दिवाळीच्या सुमारास एखादी सायकल नाहीशीच व्हावी. तक्रार केली की टाइम ऑफिसातून उत्तर यावयाचे, गेटाबाहेरच्या वस्तूची जबाबदारी कंपनीची नाही. पंक्चरमुळे पंधरा मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. मोटारसायकलवाला उशिरा आला तरी कापला जाई, हे खरे. पण उशीर व्हावा अशी व्यवस्था कंपनीने सायकलवाल्यासाठीच करून ठेवली होती.

मागणीपत्रात आम्ही सायकल स्टँडचे कलम घातले, तेव्हा व्यवस्थापक हसले. म्हणाले, "अहो, सायकलने येतो कोण आता? दहा-वीस म्हाताऱ्यांसाठी स्टँड बांधू काय?" आम्ही म्हटले, "साहेब, विहिरीवर दोर ठेवला नाही आणि म्हणता पाणी भरायला कोणी येत नाही." बोलणी बरेच दिवस चालली. मग ते स्टँडला तयार झाले, पण फक्त कायम कामगारांसाठी. ठेकेदाराच्या माणसांनी सायकली बाहेरच ठेवाव्यात असे त्यांचे म्हणणे. आम्ही ते मानले नाही, कारण सायकलने येणाऱ्यांत बहुतेक तीच माणसे होती. शेवटी करारात चार गोष्टी लिहिल्या गेल्या: गेटाच्या आत पत्र्याचे छप्पर, नंबराचे बिल्ले व पहारेकरी, हवा भरण्याचा पंप, आणि महिन्यातून तीनदा पंक्चरमुळे झालेला अर्ध्या तासापर्यंतचा उशीर माफ. खर्च म्हणाल तर साहेबांच्या कचेरीतल्या एका वातानुकूलित यंत्राएवढाही आला नसेल. पुढच्या पावसाळ्यापर्यंत घराघरांच्या माळ्यावरून जुन्या सायकली खाली आल्या आणि स्टँडची ओळ भिंतीच्या टोकाला भिडली. कामगारांचे मन कोणी उपदेश करून बदलले नव्हते. सायकलीला दाराच्या आत जागा मिळाली, एवढाच फरक झाला होता.

कायद्याने मालकावर हे बंधन आहे काय, असे कोणी विचारील. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हातपाय धुण्याची सोय, कपडे ठेवण्याची व वाळवण्याची जागा, उपाहारगृह, पाळणाघर, विश्रांतीची खोली यांची कलमे होती. त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यातही अशा सोयींची यादी आहे. सायकल स्टँडचे नाव दोन्हींच्या यादीत नाही. म्हणून ते मागून घ्यावे लागते, करारात लिहून घ्यावे लागते. परंतु धुण्याची आणि कपड्यांची जी सोय कायद्यात आहे, ती नीट मिळाली तरी सायकलवाल्याचे अर्धे काम होते. घामाने भिजलेला माणूस तोंडावर पाणी मारून, सदरा बदलून मशीनवर उभा राहू शकतो. पुष्कळ ठिकाणी ही मोरी कागदावरच असते.

यानंतर पैशाची गोष्ट. एक साधा हिशेब करून पाहू. कामगार नऊ किलोमीटरवरून येतो असे धरा. जाऊन-येऊन अठरा, महिन्याच्या सव्वीस दिवसांचे ४६८ किलोमीटर. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी मोटारसायकल आणि लिटरला शंभर रुपये पेट्रोल धरले, तर नऊशे-साडेनऊशे रुपये निव्वळ जळून जातात. त्यावर गाडीचा हप्ता, विमा, ऑइल आणि टायर. पगारवाढीच्या बोलणीत शंभर-शंभर रुपयांसाठी आम्ही रात्री जागवतो, आणि मिळालेली वाढ कारखान्याच्या वाटेवरच सांडते. अनेक ठिकाणी अधिकाऱ्याला पेट्रोलचे बिल मिळते, सुपरवायझरला वाहनभत्ता मिळतो, आणि सायकलने येणाऱ्याला काही मिळत नाही. कारण म्हणे त्याला खर्चच नाही. म्हणजे जो मालकाचे व देशाचे पेट्रोल वाचवतो त्याला शून्य, आणि जो जाळतो त्याला भरपाई!

केंद्र सरकारच्या नोकरीत कामावर सायकल वापरणाऱ्यांसाठी सायकलभत्ता आहे. सातव्या वेतन आयोगाने तो रद्द करावा अशी शिफारस केली होती. सरकारने २०१७ साली टपाल आणि रेल्वे या दोन खात्यांसाठी तो राखला व महिना ९० रुपयांवरून १८० रुपये केला. ही रक्कम लहान आहे, पण पोस्टमनची सायकल हे कामाचे साधन आहे एवढे तरी तिने मान्य केले. बाहेरच्या देशात याच्या पुढे गेले आहेत. बेल्जियममध्ये मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी एका टेबलावर बसून राष्ट्रीय करार केला, आणि १ मे २०२३ पासून, ज्या धंद्यांत आधी असा करार नव्हता तेथील कामगारांनाही, घर ते काम सायकलने कापलेल्या दर किलोमीटरला २७ सेंट मालकाने द्यावयाचे ठरले. लक्षात घ्या, हा करार कामगार दिनापासून लागू झाला. तेथील लोक गरीब आहेत म्हणून सायकल चालवीत नाहीत. सोय आहे आणि मोबदला आहे म्हणून चालवतात.

आता सर्वांत गंभीर भाग. वाटेत माणूस मेला तर त्याची जबाबदारी कोणाची? १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेला अपघात असे शब्द होते. गेटाबाहेर अपघात झाला की मालक आणि विमा कंपनी म्हणत, तो नोकरीच्या ओघात नव्हे. २०१० साली राज्य विमा कायद्यात नवे कलम आले आणि कामावर जाता-येता होणारा अपघात, नोकरीशी त्याचा संबंध दिसत असेल तर, नोकरीतला अपघात मानला जाऊ लागला. पण ते विमा योजनेतल्या कामगारांपुरते. बाकीच्यांचे काय? मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे ३ च्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, ती उच्च न्यायालयात टिकली नाही, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर घरापासून कामापर्यंतची वाट हाही नोकरीचाच भाग, असे न्यायालयाने सांगितले. बावीस वर्षे त्या कुटुंबाने वाट पाहिली.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्या. पहाटे ३ ची वेळ त्या पहारेकऱ्याने ठरवली नव्हती. त्या वेळी एस.टी. नसते हेही सर्वांना ठाऊक होते. म्हणजे वाट कोणती आणि वाहन कोणते हे मालकाच्या वेळापत्रकानेच ठरले होते. आज २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही जाता-येताच्या अपघाताची तरतूद आलेली आहे. तेव्हा मालकाने आता असे म्हणू नये की गेटाबाहेरचा रस्ता आमचा नव्हे. आणि कामगार बंधूंना आमचे सांगणे असे की, हजेरीची वेळ आणि स्टँडवरचा बिल्ला यांची नोंद व्यवस्थित होऊ द्या. दुर्दैवाने प्रसंग आला तर माणूस कोणत्या वेळी, कोणत्या कामासाठी रस्त्यावर होता याचा तोच पुरावा ठरतो.

एक शब्द भगिनींविषयी. मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. आपल्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांतही मिळाल्या. त्या मुली निर्धास्तपणे खेड्यातून शाळेत गेल्या. त्यांतलीच एखादी मुलगी पुढे जिनमध्ये किंवा डाळमिलमध्ये कामाला लागते तेव्हा तिची सायकल कोठे जाते? ती ठेकेदाराच्या गाडीत बसते. भाडे मजुरीतून कापले जाते. गाडी येईल तेव्हा निघावयाचे, भरेल तेव्हा परतावयाचे. मुकादमाशी खटका उडाला तर दुसऱ्या दिवशी गाडी तिच्या दारापुढे थांबत नाही, आणि रोजी बुडते. ज्याच्या हातात गाडी, त्याच्या हातात मजुरी. स्वतःची सायकल असलेली बाई ठेकेदाराला दोन शब्द सुनावू शकते. म्हणून ठेकेदाराला ती सायकल आवडत नाही, असे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता आक्षेपांचे उत्तर देतो. कोणी म्हणतील, कामगाराला सायकलची लाज वाटते, त्याला स्वतःलाच मोटारसायकल हवी आहे. हे खोटे नाही. लग्न ठरवताना मुलाकडे गाडी आहे काय असे विचारणारे आपणच आहोत. परंतु ही लाज आकाशातून पडलेली नाही. साहेबांची मोटार शेडमध्ये आणि सायकल बाभळीखाली, हे दृश्य वीस वर्षे रोज पाहिल्यावर कोणत्या वाहनाला मान आहे हे माणूस न सांगता शिकतो. शिवाय २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांची कामावर जाण्याची साधने विचारली होती. देशात सुमारे २ कोटी ६३ लक्ष माणसे सायकलने कामावर जात होती, आणि स्कूटर-मोटारसायकलने जाणारी सुमारे २ कोटी ५४ लक्ष. पायी जाणारी तर साडेचार कोटींच्या घरात. म्हणजे ज्यांच्यासाठी स्टँड नको म्हणतात, ती माणसे त्या वेळी मोटारसायकलवाल्यांहून अधिक होती. त्यानंतर मोटारसायकली खूप वाढल्या, आणि अ‍ॅटलससारख्या जुन्या सायकल कंपनीच्या साहिबाबादच्या कामगारांना ३ जून २०२०, म्हणजे जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, कामबंदीची नोटीस वाचावी लागली. पण पायी आणि सायकलने जाणारा माणूस आजही रोज सकाळी आपल्या रस्त्यावर दिसतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. आम्ही गरिबाला सायकलीवर बसवून श्रीमंतांना मोटारी मोकळ्या ठेवतो, असे काही तरुण कार्यकर्ते म्हणतात. तसा आमचा हेतू नाही. वीस किलोमीटरवरून येणाऱ्याला, आजारी माणसाला, राजूर घाट चढून बुलढाण्याला कामावर येणाऱ्याला सायकल चालवा असे सांगणे हा अन्याय होईल. त्यांच्यासाठी कंपनीची बस किंवा एस.टी.ची वेळ जुळवून घेणे हेच योग्य. आमचे म्हणणे पाच-सहा किलोमीटरच्या आतल्या माणसाविषयी आहे. त्याला सायकल चालवावयाची असेल तर त्याने नुकसान सोसून ती चालवू नये, एवढेच.

शेवटी श्रोतेहो, मालक म्हणजे फक्त धुराडेवाला कारखानदार असे समजू नका. या सभागृहात व्यापारी आहेत, डॉक्टर आहेत, शाळा-कॉलेजांचे चालक आहेत, बँकेचे अधिकारी आहेत. आपल्या दुकानात माल काढून देणारा मुलगा, दवाखान्यातली आया, शाळेतला शिपाई कामावर कसा येतो हे आपण कधी विचारले आहे काय? त्याच्या सायकलीला आपल्या दारात सावलीची जागा आहे काय? पावसात पाच मिनिटे उशीर झाला तर आपण काय बोलतो? रात्री दुकान वाढवून हिशेब होईपर्यंत त्याला थांबवून ठेवताना तो घरी कसा जाईल याचा विचार करतो काय? कारखान्याच्या दारावर आम्ही संघटनेच्या बळाने मागतो. दुकानातल्या मुलामागे संघटना नाही. तेथे आपली न्यायबुद्धी हेच त्याचे मागणीपत्र.

मागण्या मोठ्या नाहीत. दाराच्या आत छप्पर असलेली जागा, कायम आणि ठेक्याच्या माणसांना सारखीच. हातपाय धुवावयास पाणी. उन्हाचा विचार करून आखलेली पाळी, आणि डबल ड्यूटीची आदल्या दिवशी सूचना. मोटारसायकलवाल्याला मिळतो तसा सायकलवाल्यालाही भत्ता. आणि गावापासून औद्योगिक वसाहतीपर्यंत महामार्गाच्या कडेला सायकलीपुरती वेगळी पट्टी, जिच्यासाठी मालकांच्या संघटनेने आमच्याबरोबर सरकारकडे यावे. या शेवटच्या मागणीत मालक आणि कामगार यांचे भांडण नसावे, कारण वाटेवर जो माणूस मरतो तो दोघांचाही असतो.

 उद्या सकाळी आपापल्या कामाच्या ठिकाणी जाल तेव्हा सायकली कोठे उभ्या आहेत ते एकदा पाहा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.